उपकरण चालू होते. लिहिलेले टिकते का?

प्रति,
मा. सचिव, संरक्षण उत्पादन विभाग,
मा. अध्यक्ष, संरक्षण संशोधन आणि विकास संघटना,
मा. महासंचालक, गुणवत्ता हमी महासंचालनालय,
नवी दिल्ली.

विषय : रणभूमीवर वापरायच्या संगणकीय उपकरणांतील मेमरीसाठी स्वतंत्र कसोटी ठरविण्याबाबत.

महोदय,

सैन्यासाठी विकत घेतल्या जाणाऱ्या संगणकीय उपकरणांच्या निविदांत कणखरपणाच्या अटी भरपूर असतात. जेएसएस ५५५५५ या संयुक्त सेवा मानकातील चाचण्यांची यादी जोडलेली असते, अनेकदा अमेरिकेच्या मिल-स्टँडर्ड ८१० चाही हवाला दिलेला असतो, आणि उपकरण उष्णता, थंडी, धूळ, पाऊस, हादरे, बुरशी व खारी हवा या साऱ्यांतून पार पडले की क्यूए (गुणवत्ता हमी) प्रतिनिधी अहवालावर सही करतात. या चाचण्यांत प्रत्येक टप्प्यावर विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : उपकरण चालू होते का आणि नेमून दिलेले काम करते का? त्याच्या मेमरीत आधी लिहून ठेवलेला मजकूर बिट न् बिट तसाच राहिला आहे का, हे सहसा तपासले जात नाही, कारण निविदेत ते कोणी मागितलेलेच नसते. संरक्षण उपकरणांसाठी इलेक्ट्रॉनिक कार्डे बनविणाऱ्या भोसरीतील एका लघुउद्योगात माझी सारी नोकरी झाली. आता निवृत्त असल्याने ना कुठले टेंडर माझ्या डोळ्यांसमोर आहे, ना कोणाची भीड. म्हणून हे उघड पत्र.

मेमरीसाठी वेगळी कसोटी मागण्याचे कारण तिच्या बिघाडाच्या स्वभावात आहे. पॉवर सप्लाय गेला की उपकरण बंद पडते, पडदा फुटला की दिसतो, प्रोसेसर अडला की यंत्र गोठते. जवानाला बिघाड कळतो आणि तो दुसरे उपकरण मागवतो. मेमरीतला एखादा बिट उलटला, म्हणजे ० चा १ किंवा १ चा ० झाला, तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. यंत्र चालू राहते, पडद्यावर नकाशा उमटतो, आणि त्या नकाशावरील एखाद्या ठाण्याचा अक्षांश, तोफेच्या गणितातील एखादा गुणक किंवा सांकेतिक किल्लीतील एखादा आकडा तेवढा बदललेला असतो. बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा चुकीचे उत्तर ठामपणे देणारे यंत्र सैन्याला अधिक महागात पडते, आणि आपली सारी चाचणीपद्धत मात्र पहिल्या प्रकारच्या यंत्राला पकडण्यासाठी बेतलेली आहे.

संगणकाची चालू मेमरी म्हणजे डीरॅम. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये जिचे पेटंट मिळाले ती मूळ रचना आजही तीच आहे : एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. त्या कपॅसिटरमधला विद्युतभार सतत झिरपत असतो. भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतत राहावे तसा तो दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की गळती इतकी वाढते की ही मुदत निम्म्यावर, म्हणजे ३२ मिलिसेकंदांवर आणावी लागते. राजस्थानातील फलोदी येथे मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदवले गेले, ते सावलीतल्या हवेचे. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात, धातूच्या हवाबंद पेटीत, प्रोसेसरच्या शेजारी बसवलेल्या चिपला ८५ अंश गाठण्यासाठी काही विशेष घडावे लागत नाही.

दुकानात मिळणारी साधी चिप ० ते ७० अंशांसाठी, औद्योगिक दर्जाची उणे ४० ते ८५ अंशांसाठी आणि लष्करी दर्जाची उणे ५५ ते १२५ अंशांसाठी, असा या धंद्यातला जुना संकेत आहे. अमेरिकेचे संरक्षण मंत्री विल्यम पेरी यांनी जून १९९४ मध्ये लष्करी मानकांऐवजी शक्य तिथे बाजारातले तयार भाग वापरण्याचे धोरण जाहीर केले, आणि त्यानंतर लष्करी दर्जाच्या मेमरीचा आधीच छोटा असलेला बाजार आटत गेला. आज बहुतेक कणखर उपकरणांत औद्योगिक दर्जाची चिप असते, आणि ती तापवून, गोठवून, निवडून घेतली असल्याचे कागदावर लिहिलेले असते. ही निवड कोणी केली, कोणत्या लॉटवर केली आणि त्यात किती चिपा बाद झाल्या, हे विचारण्याचा अधिकार खरेदीदाराने करारातच राखून ठेवला नसेल तर पुढे ते कोणी सांगत नाही.

साठवणुकीच्या मेमरीची, म्हणजे फ्लॅशची, गोष्ट याहून गंभीर आहे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडलेल्या फ्लॅशमध्ये माहिती म्हणजे विद्युतरोधक थरांच्या आड कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. वीज गेली तरी ते आत राहतात म्हणून तिला कायमची मेमरी म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण उष्णतेने ते हळूहळू निसटतात, आणि जितक्या वेळा पुसून लिहावे तितका तो थर झिजत जाऊन निसटणे सोपे होते. एका कोशात एकच बिट ठेवणारी एसएलसी फ्लॅश साधारण एक लाख वेळा पुसून लिहिता येत असे. तीन बिट ठेवणाऱ्या टीएलसीची मजल काही हजारांच्या पुढे सहसा जात नाही, कारण तिथे एकाच कोशात विद्युतभाराच्या आठ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात.

या उद्योगाचे स्वतःचे मानक काय मागते ते पाहण्यासारखे आहे. जेडेक या मेमरी-उद्योगाच्या मानक संस्थेच्या जेईएसडी २१८ या मानकानुसार वैयक्तिक संगणकातील एसएसडीने, म्हणजे फ्लॅशच्या ड्राइव्हने, तिचे ठरलेले लेखन-आयुष्य संपल्यावर, विजेविना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. सर्व्हरसाठीच्या एसएसडीने ४० अंशांत तीन महिने. ही मर्यादा झिजलेल्या ड्राइव्हची आहे आणि नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक काळ टिकतो, हेही सांगायला हवे. तरी हा टिकाऊपणा उष्णतेने सरळ रेषेत घटत नाही. उष्णतेने झीज किती वेगावते हे मांडणाऱ्या, या मानकांत वापरल्या जाणाऱ्या १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गणिताने पाहिले तर तोच झिजलेला ड्राइव्ह ३० ऐवजी सतत ५५ अंशांत राहिल्यास टिकण्याचा काळ सुमारे पंचविसाव्या हिश्शावर येतो. एका वर्षाचे जेमतेम दोन आठवडे उरतात. आपल्याकडे सराव संपला की उपकरण स्वच्छ करून, पेटीत बंद करून कोठारात जाते, आणि पत्र्याच्या छपराखाली त्याचे एकामागून एक उन्हाळे निघतात. दुपारी पेटी तापते, रात्री निवते, म्हणजे ती सतत ५५ अंशांत नसते हे खरे. पण आतला ड्राइव्ह किती झिजलेला आहे हे पेटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेले नसते, आणि त्या ड्राइव्हला शेवटची वीज कधी मिळाली याची नोंदवही मी तरी कुठे पाहिलेली नाही. राखीव म्हणून ठेवलेल्या उपकरणाची पहिली खरी चाचणी ते ज्या दिवशी लागते त्याच दिवशी होते. त्यात पुन्हा यंत्र सुरू करणारे फर्मवेअरही बहुधा फ्लॅशमध्येच असते, याचा विचार कोठाराचे नियम करताना झालेला दिसत नाही.

आमच्या कारखान्यात आम्ही आधी निव्वळ कुतूहलापोटी करू लागलो आणि नंतर सवयीने करत राहिलो अशी एक चाचणी इथे सांगतो. ड्राइव्ह तापमान हवे तसे ठेवणाऱ्या चेंबरमध्ये उणे २० अंशांवर न्यायचा, तिथे तो ओळखीच्या नमुन्याने पूर्ण भरायचा, मग चेंबर ६० अंशांवर आणून तोच नमुना वाचायचा. दोन्ही टोकांना वेगवेगळा तपासला तर तो ड्राइव्ह निर्दोष ठरलेला असतो. थंडीत लिहून उष्णतेत वाचताना मात्र दुरुस्त केलेल्या बिटांचा काउंटर पडद्यावर भराभर चढू लागतो. काही ब्लॉक, म्हणजे मेमरीचे तुकडे, ड्राइव्हचा कंट्रोलर (नियंत्रक चिप) पुन्हापुन्हा वाचतो, दर वेळी व्होल्टेजची पातळी किंचित सरकवून. वाचण्याचा वेग पडतो, आणि टेबलाशी बसलेल्याला काही न सांगता यंत्र आत झगडत असते. चांगला ड्राइव्ह यातून सहीसलामत बाहेर येतो. स्वस्त ड्राइव्हमध्ये, त्यातही आधी पुष्कळ वापरलेल्या, एखादी फाइल उघडतच नाही. सध्याच्या एटीपीत, म्हणजे माल स्वीकारण्याच्या चाचणीत, थंडीची चाचणी एका दिवशी आणि उष्णतेची दुसऱ्या दिवशी होते, दोहोंच्या मध्ये ड्राइव्ह नव्याने भरला जातो, आणि अहवाल स्वच्छ निघतो. प्रत्यक्षात लेहला पहाटे केलेली नोंद त्याच दिवशी दुपारी चंदीगडला वाचली जाऊ शकते.

उंचीचा प्रश्न निराळा आहे. अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या माऱ्याने वातावरणात न्यूट्रॉन तयार होतात, त्यातला एखादा सिलिकॉनवर आदळला की मेमरीतला बिट उलटू शकतो, आणि जसजसे वर जावे तसा वातावरणाचा आडोसा विरळ होत जातो. आयबीएमने कोलोरॅडोतील लेडव्हिल या सुमारे ३,१०० मीटर उंचीच्या गावी मेमरीवर केलेल्या चाचण्या प्रसिद्ध आहेत. तिथला न्यूट्रॉनांचा मारा समुद्रसपाटीवरील न्यूयॉर्कच्या दहा पटींहून अधिक धरला जातो. आपली ठाणी याहून कितीतरी उंचावर आहेत. तरीही अमेरिकेचा आकडा उचलून इथे चिकटवणे चूक ठरेल, कारण भारत चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र इथे कमी ऊर्जेच्या किरणांना अधिक अडवते. म्हणजे उंची आपल्या विरोधात आणि अक्षांश आपल्या बाजूने, अशी स्थिती आहे. यातले पारडे किती झुकते हे इथेच मोजायला हवे. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तिथे रस्ता आहे, वीज आहे, प्रशिक्षित माणसे आहेत. सैन्याच्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या मेमरी चिपांचा एक रॅक तिथे आणि तसाच दुसरा समुद्रकाठी मुंबईत, दोन्ही वर्षभर एकच नमुना वाचत ठेवायचे, एवढ्याने आपल्या हाती आपला स्वतःचा आकडा येईल. खर्चाच्या मानाने इतके मोलाचे फळ देणारा दुसरा प्रयोग मला तरी सुचत नाही.

उलटलेला बिट दुरुस्त करण्याची युक्ती जुनी आहे. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी ती १९५० मध्ये प्रसिद्ध केली, आणि आज ६४ बिटांमागे ८ तपासणी-बिट जोडले की एका बिटाची चूक सुधारता येते व दोनांची ओळखता येते. डीडीआर५ या नव्या पिढीच्या डीरॅम चिपांत अशी दुरुस्ती चिपच्या पोटातच असते म्हणून काही विक्रेते आता वेगळ्या ईसीसीची, म्हणजे चूक-दुरुस्तीच्या सोयीची, गरज नाही असे सांगू लागले आहेत. हे ऐकून घेऊ नये. चिपच्या आतली दुरुस्ती चिपपुरतीच असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारांवर, सोल्डरच्या सांध्यांवर किंवा कनेक्टरमध्ये झालेल्या चुकीला तिचा काही उपयोग होत नाही, आणि हादऱ्यांच्या जगात चूक अनेकदा तिथेच होते.

लॅपटॉपमध्ये मेमरी सॉकेटमध्ये खोचलेली असते. रणगाड्यात किंवा तोफेच्या वाहनात तशी ठेवली तर सततच्या सूक्ष्म घर्षणाने संपर्काच्या पट्टीवरील सोन्याचा पातळ मुलामा घासला जातो आणि खालच्या धातूवर ऑक्साइड धरते. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पट्टी पाहिली की दर स्पर्शबिंदूशी मोहरीच्या दाण्याहूनही लहान काळा डाग दिसतो, आणि त्या डागाभोवती पट्टी नवीकोरी चकाकत असते. असे कार्ड दुरुस्तीला परत येते, तंत्रज्ञ ते काढून पुन्हा बसवतो, डाग तात्पुरता खरवडला जातो, यंत्र चालू होते आणि अहवालात ‘दोष आढळला नाही’ असे लिहून ते परत जाते. यावर उपाय म्हणजे मेमरी थेट कार्डावर सोल्डर करणे, चिपखाली अंडरफिल (घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरणे आणि वरून कोटिंग चढवणे. पण सोल्डरचीही एक अडचण आहे. युरोपने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिशाला बंदी घातल्यावर बाजारातल्या चिपांचे सोल्डरगोळे बिनशिशाचे झाले, आणि लष्करी कार्डांवर मात्र कथिल-शिशाचे सोल्डर चालू राहिले. दोन्हींची भेसळ झालेला सांधा बरोबर तापमानाला वितळवला नाही तर आतून कच्चा राहतो. कोणत्या गोळ्यांवर कोणते सोल्डर आणि कोणता तापक्रम वापरला, ही नोंद प्रत्येक लॉटमागे मागितली पाहिजे.

उंच ठाण्यांवर आणखी दोन गोष्टी होतात. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरते, त्यामुळे बाहेर बर्फ असताना पंख्याने थंड होणारी पेटी आत तापते. आणि उणे ३० अंशांतून आत आणलेले उपकरण बुखारीने तापलेल्या बंकरमध्ये ठेवले की काही क्षणांत कार्डावर दव धरते. कोटिंग नीट असेल तर ते झेपते. चिपच्या पायाशी ते विरळ राहिले असेल तर त्याच जागी गंज सुरू होतो.

थंडीचा एक धोका सुरक्षेचाही आहे. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की वीज तोडल्यावर डीरॅममधली माहिती लगेच नाहीशी होत नाही. चिप सुमारे उणे ५० अंशांपर्यंत गार केली तर ती काही मिनिटे जवळपास पूर्ण टिकते आणि त्यातून सांकेतिक किल्ल्या काढता येतात. प्रयोगशाळेत त्यासाठी गार फवारा मारावा लागला होता. सियाचेनला निसर्गच तो मारतो. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेचे ईपी-३ टेहळणी विमान चीनच्या हैनान बेटावर उतरले तेव्हा कर्मचाऱ्यांना हाताला लागेल त्या साधनाने यंत्रे आणि नोंदी नष्ट करण्याची धडपड करावी लागली, आणि बरेच काही मागे राहिले. तातडीने पुसण्याचे बटण आपल्या अनेक उपकरणांवर असते. ते दाबल्यावर सर्वांत थंड तापमानात किती सेकंदांत चालू मेमरी आणि फ्लॅश दोन्ही खरोखर रिकामी होतात, बॅटरी जवळजवळ संपलेली असताना काय होते, आणि फ्लॅशच्या कंट्रोलरने बाजूला काढून ठेवलेल्या खराब ब्लॉकांत काय उरते, हे मोजून घेतले पाहिजे. नुसते बटण असणे पुरेसे धरू नये.

नकली भागांचा विषय अप्रिय असला तरी टाळता येत नाही. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र दल समितीने मे २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नकली असल्याचा संशय असलेल्या भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदवली गेली, आणि त्यांतल्या भागांची संख्या दहा लाखांच्या वर होती. थाड या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या मिशन कॉम्प्युटरांत संशयास्पद मेमरी निघाली आणि ती बदलण्यास सुमारे २७ लाख डॉलर लागले. सी-२७जे विमानांच्या कॉकपिटमधील डिस्प्लेतही अशाच मेमरी चिपा सापडल्या. टाकाऊ कार्डावरून भाजून काढलेली चिप घासून, वर काळा लेप देऊन, नवा क्रमांक छापून विकली जाते. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवला की कधीकधी तो लेप बोळ्यावर उतरतो आणि खालचे ओरखडे दिसतात. हुशार नकली मालावर तो उतरत नाही आणि क्ष-किरण लागतात. बहुतेक डीरॅम जगातल्या तीनच कंपन्या बनवतात, त्यांचे मोठे ग्राहक दुसरेच आहेत, आणि एखादी चिप चारसहा वर्षांत बंद होते, तर आपली उपकरणे दोन-तीन दशके चालवायची असतात. २०२५ मध्ये डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या डीरॅमचे उत्पादन आवरते घेतले जाऊ लागले आणि भाव कडाडले. बंद झालेली चिप हवी असणारा ग्राहक अखेर खुल्या बाजारातल्या दलालापाशीच पोहोचतो, आणि नकली माल तिथेच वाट पाहत असतो.

मग देशातच लष्करी डीरॅमचा कारखाना काढावा काय? माझे स्पष्ट मत आहे की सैन्याच्या गरजेपुरता तो काढू नये. त्याला लागणारे भांडवल आणि खप सैन्य कधीही पुरवू शकणार नाही. जे हाताशी आहे ते मात्र कमी नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या गुजरातमधील साणंदच्या प्रकल्पात मायक्रॉन ही अमेरिकी कंपनी डीरॅम आणि नँड फ्लॅशची जोडणी व चाचणी करणार, असे ठरले. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीची १८० नॅनोमीटरची प्रक्रिया जुनी असली तरी तिच्यावर उणे ५५ ते १२५ अंशांत चालणारा विक्रम ३२०१ हा प्रोसेसर तयार झाला आहे, आणि २०२१ मध्ये मुंबई आयआयटीने त्याच प्रयोगशाळेबरोबर एकदाच लिहिता येणारी मेमरीही त्याच प्रक्रियेवर करून दाखवली. कॅलिब्रेशनचे आकडे, ओळखक्रमांक, सुरू होण्याचा मूळ कार्यक्रम अशा थोडक्या पण कधीच बदलू नये अशा मजकुराला तशीच मेमरी हवी असते.

सैन्याच्या संगणकांचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. अमेरिकेतील एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात १९५३ मध्ये बसवलेली आणि पुढे अमेरिकेच्या सेज हवाई संरक्षण यंत्रणेत गेलेली चुंबकीय कड्यांची कोअर मेमरी वीज गेली तरी विसरत नसे. तिच्यानंतर बबल मेमरी आली, आणि १९८२ च्या ग्रिड कंपास या लॅपटॉपमध्ये फिरत्या डिस्कऐवजी तीच होती. दोन्ही महाग होत्या आणि कमी मजकूर ठेवत, पण निवडणाऱ्याला आपण काय निवडतो आहोत हे ठाऊक होते. आज त्यांची जागा एमरॅम (चुंबकीय मेमरी) आणि एफरॅम (फेरोइलेक्ट्रिक मेमरी) यांनी घेतली आहे. त्या आकाराने लहान आणि दर बिटामागे महाग असतात, पण त्यांत विद्युतभार झिरपण्याचा प्रश्न नाही आणि पुसून लिहिण्याने त्या व्यवहारात झिजत नाहीत. सगळी साठवण त्यांत करण्याची गरज नाही. मोजक्या किलोबाइटांची जी माहिती हरवली तर मोहीम फसते तेवढी त्यांत ठेवावी आणि बाकीची चांगल्या फ्लॅशवर. एमरॅम जोरदार चुंबकाजवळ बसवू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते.

माझी मागणी तंत्रज्ञानापेक्षा खरेदीच्या शब्दांविषयी अधिक आहे. यापुढच्या निविदांत, आणि जेएसएस ५५५५५ ची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तिच्यात, मेमरीसाठी वेगळे प्रकरण असावे. ड्राइव्ह आधी अपेक्षित वापराइतका झिजवून, मग विजेविना ठरलेल्या उष्णतेत ठेवून, नंतर वाचून पाहणे; थंडीत लिहून उष्णतेत वाचणे आणि उलटही; ईसीसी सक्तीची करून दुरुस्त झालेल्या बिटांची संख्या उपकरणाच्या स्वचाचणीत युनिटच्या तंत्रज्ञाला दिसेल अशी ठेवणे; आणि प्रत्येक लॉट मूळ उत्पादकापर्यंत शोधता येणे, एवढे त्यात आले तरी पुष्कळ झाले. यातले काहीही अवघड नाही, पण निविदेत न मागितलेली गोष्ट पदरमोड करून देणारा पुरवठादार एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीचा, ठरत नाही, आणि म्हणून ती कोणी देत नाही. हे दोष पुरवठादारांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. आम्ही जे मागितले तेच त्यांनी दिले, असे आपल्या कार्यालयांनाही मान्य करावे लागेल.

चाचण्यांच्या सोयीसाठी मे २०२० मध्ये ४०० कोटी रुपयांची संरक्षण चाचणी पायाभूत सुविधा योजना जाहीर झाली, आणि तिच्यात खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. तिच्यातल्या एखाद्या केंद्रात मेमरी निवडण्याचे आणि नकली भाग ओळखण्याचे एक दालन लघुउद्योगांना रास्त भाड्याने खुले झाले, तर आज प्रत्येकाने आपापल्या परीने केलेली किंवा न केलेली निवड एका ठिकाणी, एकाच पद्धतीने होईल. बंद होऊ घातलेल्या चिपांचा साठा नायट्रोजन भरलेल्या कपाटांत दीर्घकाळ जपून ठेवण्याची व्यवस्थाही तिथेच करता येईल, आणि तो साठा कोणत्याही एका कंपनीच्या नव्हे तर सैन्याच्या मालकीचा असावा.

शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. तळावरून परत येणाऱ्या कार्डांवर ‘दोष आढळला नाही’ हा शेरा मारून ती परत पाठवण्याआधी त्यातल्या मेमरीचे काउंटर आणि खराब ब्लॉकांची यादी उतरवून घ्यावी, आणि नाव-ठिकाण वगळून ती उपकरणांची रचना करणाऱ्यांना दरवर्षी द्यावी. कोणत्या प्रकारची मेमरी कुठल्या हवामानात किती टिकली याची भारतीय आकडेवारी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या लवकर मिळणार नाही. गुणवत्ता हमी महासंचालनालयाच्या एका परिपत्रकाने हे काम पुढच्या तिमाहीत सुरू होऊ शकते. मेमरीच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा मी तयार केलेला आहे. आपल्यापैकी ज्या कार्यालयाला तो हवा असेल त्याला तो पाठवीन आणि त्यावरील चर्चेसाठी स्वखर्चाने येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कार्ड-डिझाइन अभियंता,
भोसरी, पुणे